पेव

मार्केट यार्डातून तू येतोस तेव्हा साडेआठ झालेले असतात.
नखांच्या कडेला हळद, कितीही घासली तरी उरणारी,
आणि मी विचारते, काय झालं आज,
आणि तू म्हणतोस, काही नाही.

सुरुवातीला मी ते मोजायचे.
एका आठवड्यात एकतीस.
मग त्यातले प्रकार ओळखू यायला लागले.
दमल्याचं काही नाही वेगळं,
पैसे अडकल्याचं वेगळं,
आणि ते एक, श्रावणात, मोबाईलवर नदीची पातळी बघून झाल्यावरचं,
त्याच्यापुढं मला उभंच राहता येत नाही.

तू वाईट नाहीस, श्रेणिक.
मी झोपल्यावर माझा फोन चार्जिंगला लावतोस.
भडंग आणतोस ते जास्त लसणाचं, मला आवडतं तसं,
विट्याहून आई यायची असली की तिच्या गुडघ्यांसाठी
खुर्ची आधीच दारात.
दिसतं मला हे सगळं.
पण नुसतं दिसण्यावर माणूस किती दिवस काढेल?

मागच्या माघात तू मला हरिपूरला नेलंस,
मी हट्ट धरला म्हणून.
चिंचांच्या सावलीतून गाडी अगदी हळू,
आणि एका जागी थांबून नुसत्या पायानं दाखवलंस :
इथं होतं आमचं पेव.
मला माती दिसली, आणि कुणाच्या तरी दोन शेळ्या.

बोलले ते तुझे चुलते.
तोंड एवढंसंच असतंय, म्हणाले, एक माणूस जाईल न जाईल असं.
आत मात्र खोलीच. पोत्यांवर पोती गडप.
दोन हजार पाचला गेलं सगळं.
आणि उघडलं की लगेच उतरायचं नसतंय, पोरी,
आतली हवा मारती.
तोंड मोकळं सोडायचं, कंदील सोडून बघायचा,
विझला, की परत थांबायचं.

येताना तू गाणी लावलीस.
मी खिडकीबाहेर बघत मनात म्हटलं,
चार वर्षं कंदीलच तर सोडतेय मी.

आणि खरं सांगू, मी तरी कुठं उघडं मैदान आहे?
लग्नाआधीची एक गोष्ट विट्यातच पुरून आलेय.
तू कधी विचारली नाहीस.
कधी वाटतं, तुझ्या न विचारण्यात माया आहे.
कधी वाटतं, नुसती सोय.

तुझे आजोबा म्हणे रुमालाखाली भाव करायचे.
चारचौघांत, तोंडातून अवाक्षर न काढता,
समोरच्याची बोटं दाबून हजारोंचा व्यवहार.
हे तू पाहुण्यांना सांगत होतास, हसत,
आणि आत माझ्या हातून चहात दोनदा साखर पडली.
म्हणजे तुमच्या घरात
बोलायची काहीतरी रीत होती.

परवा लाईट गेली. इन्व्हर्टरही बसलेला.
उकाड्यात जागे होतो दोघं, पाठीला पाठ,
आणि तू एकदम म्हणालास,
"पाणी शिरलं की हळद लगेच कुजत नाही.
आधी गरम होते.
आप्पांनी हात घालून बघितलेलं. कोपरापर्यंत."

मग?
आलं होतं ओठांवर. गिळलं.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
मारतच होतं.
तुझं पुढचं वाक्य बराच वेळ खोलीत होतं
आणि मग नव्हतं.

थोड्या वेळानं चादरीखाली तुझा हात आला.
माझी दोन बोटं दाबलीस,
सोडलीस, पुन्हा दाबलीस.
भाव काय, मला कळला नाही.
मी हात काढला नाही.

लाईट आली तेव्हा
उजव्या हातानं चाचपडत तू दिव्याचं बटण बंद केलंस.
डावा तिथंच होता.